अळीच्या आधी झाड

जून संपत आला की कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या वाळूत सीक्लिफ बकव्हीटची झुडपे फुलू लागतात. झुडपे गुडघाभर उंचीची आणि ऐसपैस पसरलेली असतात. पाने जाडसर, वरून हिरवी, खालून पांढऱ्या लवेने मढलेली. फांद्यांच्या टोकांना बारीक पांढऱ्या-गुलाबी फुलांचे गेंद येतात. एकेक फूल ज्वारीच्या दाण्याहून लहान. असा एखादा गेंद भिंगाखाली धरला तर बराच वेळ फुलांखेरीज काही दिसत नाही. मग एक मुंगी येते, एका खाचेशी थांबते आणि मिशांनी कशाला तरी थोपटू लागते. ती ज्याला थोपटते ते फूल नसते. रंग फुलाचाच, आकारही कळीएवढाच, पण मुंगीच्या थोपटण्यावर ते किंचित हलते. ती ब्लू गटातल्या फुलपाखराची अळी असते.

अळी सापडणे हा झाला अर्धा भाग. तिचे नाव काय, हा उरलेला अर्धा, आणि तो जास्त अवघड. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागात बकव्हीटवर वाढणारी निळी फुलपाखरे एकमेकांशी इतकी मिळतीजुळती आहेत की उडते फुलपाखरू हातात आले तरी तज्ज्ञ आधी विचारतात ते झाड कोणते आणि महिना कोणता. अळीच्या बाबतीत तर झाड आणि महिना ठाऊक नसेल तर पुढची चर्चाच व्यर्थ आहे.

लोकरी गुडघ्यांचे कुळ

बकव्हीट म्हटले की भारतीय वाचकाला कुट्टूचे पीठ आठवते. उत्तरेत उपवासाला पुऱ्या होतात त्या याच पिठाच्या. अमेरिकेतले हे रानबकव्हीट म्हणजे कुट्टू नव्हे. कुट्टूची प्रजाती फॅगोपायरम, याची एरिओगोनम. दोघांचे कुळ मात्र एकच, पॉलिगोनेसी. आपला आंबट चुकाही याच कुळातला. एरिओगोनम हा शब्द लोकर आणि गुडघा या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून झाला. ज्या जातीवरून हे नाव पडले तिच्या खोडाचे पेर लोकरीसारख्या लवेने झाकलेले असते.

एरिओगोनमच्या सुमारे २५० जाती आहेत आणि त्या जवळजवळ सगळ्या उत्तर अमेरिकेतल्या. काही वाळवंटात पावसानंतर उगवून महिन्या-दोन महिन्यांत वाळून जाणाऱ्या, बोटभर उंचीच्या. काही डोंगरउतारावर छातीपर्यंत वाढणाऱ्या झुडपी. सल्फर बकव्हीट पिवळे धमक फुलते. नेकेड बकव्हीटची पाने जमिनीलगत असतात आणि वर नुसत्या उघड्या दांड्यांवर फुले डोलतात. कॅलिफोर्निया बकव्हीट तर दक्षिण कॅलिफोर्नियाच्या प्रत्येक रस्त्याकडेला भेटते. उन्हाळ्यात पांढरे-गुलाबी फुललेले हे झुडूप पुढे गंजलेल्या लोखंडाच्या रंगाचे होते आणि वाळलेले गुच्छ महिनोन् महिने तसेच राहतात.

या सगळ्या जाती एकाच वेळी फुलत नाहीत आणि फुलपाखरांची सगळी गुंतागुंत इथूनच सुरू होते. युफिलोटिस या प्रजातीतली लहान निळी फुलपाखरे बकव्हीटवाचून जगूच शकत नाहीत. त्यांच्या अळ्या पाने खात नाहीत. त्यांना कळ्या, फुले आणि कोवळे दाणे लागतात. म्हणजे झाड वर्षभर उभे असले तरी अळीचे ताट वाढलेले असते ते मोजके आठवडे. मोहावीच्या वाळवंटात वसंतात फुलणाऱ्या वर्षायू बकव्हीटवर वाढणारे युफिलोटिस वसंतातच उडते. कॅलिफोर्निया बकव्हीटवरचे बर्नार्डिनो ब्लू उन्हाळ्याच्या पूर्वार्धात दिसते. उशिरा फुलणाऱ्या राइट्स बकव्हीटवरचे वाण थेट सप्टेंबर-ऑक्टोबरात बाहेर पडते. एकाच डोंगररांगेत वसंतातले आणि शरदातले असे दोन शेजारी राहतात आणि त्यांची कधी गाठच पडत नाही.

नावांवर विसंबू नये. ल्युपिन ब्लू नावाच्या फुलपाखराची अळी ल्युपिन या झाडावर वाढत नाही, ती बकव्हीटवर वाढते. ब्लू कॉपर नावाचे फुलपाखरू निळे दिसते, गट मात्र कॉपर नावाच्या फुलपाखरांचा, आणि त्याचीही अळी बकव्हीटवरच. ल्युपिन नाव देणाऱ्यांनी फुलपाखरू कुठे बसलेले दिसले ते पाहिले असेल. अळी काय खाते ते पाहिले नसावे.

डोके लपवणारी, पाठीतून मध देणारी

लायसिनिडी कुळातली, म्हणजे ब्लू, कॉपर आणि हेअरस्ट्रीक यांची अळी प्रथम पाहणाऱ्याला अळी वाटत नाही. ती लांबट गोल दंडुक्यासारखी नसते. खालून सपाट, वरून फुगीर, दोन्ही टोकांना निमुळती, पाय अंगाखाली झाकलेले. चालते तेव्हा सरपटते आहे की नुसतीच जागा बदलते आहे ते कळत नाही. डोके अगदी लहान आणि ते छातीच्या पहिल्या वळ्याखाली कासवासारखे आत ओढून घेतलेले. खाण्याच्या वेळी मात्र हीच अळी मान लांबवते. कळीला बाजूने गोल भोक पाडते, डोके आत घालते आणि आतले पुंकेसर, बीजांड कोरून खाते. बाकीचे अंग बाहेरच राहते. भोक पडलेली रिकामी कळी हा तिचा माग काढण्याचा चांगला पुरावा.

अंड्यातून बाहेर पडल्यापासून कोषात जाईपर्यंत ती तीनदा कात टाकते, म्हणजे वाढीचे चार टप्पे होतात. पूर्ण वाढ झाली तरी लांबी सेंटिमीटरच्या आसपासच. रंगाचा मात्र काही नेम नाही. सीक्लिफ बकव्हीटवर वाढणाऱ्या एल सेगुंडो ब्लू या युफिलोटिस फुलपाखराच्या अळ्या पांढुरक्या, मळकट पिवळ्या, लाल, अगदी गडद डाळिंबी रंगाच्याही आढळतात. पाठीवर पिवळ्या किंवा पांढऱ्या तिरक्या रेघा, काहींत बाणाच्या टोकांसारख्या खुणा. एकाच झुडपावर शेजारशेजारच्या दोन गेंदांत दोन रंगांच्या अळ्या मिळाल्या तरी त्या एकाच मादीच्या असू शकतात. ताज्या फुलात फिकी अळी लपते, सुकत चाललेल्या तांबूस गेंदात लालसर. म्हणून रंगावरून जात सांगणारा माणूस हमखास फसतो.

पाठीमागच्या टोकाकडे दोन गोष्टी भिंगाने पाहण्यासारख्या आहेत. पोटाच्या सातव्या वळ्यावर मधोमध एक आडवी फट असते, ती मधग्रंथी. आठव्या वळ्यावर दोन बाजूंना दोन बारीक नळ्या असतात. अळी त्या क्षणात बाहेर फेकते आणि क्षणात आत घेते. टोकाला केसांचा इवलासा झुबका दिसतो न दिसतो तोच नाहीसा. मुंगीने थोपटले की फटीतून गोड द्रवाचा थेंब येतो. मुंगी तो पिते आणि पुन्हा थोपटते. ई. जे. न्यूकमर यांनी १९१२ साली या अवयवांचे तपशीलवार वर्णन केले आणि मधग्रंथीला आजही त्यांचे नाव दिले जाते. एल सेगुंडो ब्लूच्या अळीत ही ग्रंथी तिसऱ्या टप्प्यापासून काम करू लागते. त्याआधीची अळी मुंगीला देण्यासारखे काही बाळगत नाही आणि मुंगीही तिच्याकडे फिरकत नाही.

मुंग्यांचा पहारा फुकटचा नाही, पण उपयोगाचा आहे. अळीच्या अंगात अंडी घालणाऱ्या बारीक गांधीलमाश्या आणि परजीवी माश्या मुंग्यांच्या वर्दळीत सहज उतरू शकत नाहीत. हाच व्यवहार महाराष्ट्रातही पाहायला मिळतो. तुरीच्या आणि वालाच्या शेंगा पोखरणाऱ्या पी ब्लूच्या अळीभोवती मुंग्या घुटमळतात. शेतकऱ्याच्या लेखी ती नुसती शेंग पोखरणारी अळी असते. मुंग्या तिथे का, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

बकव्हीटच्या एकाच गेंदात मिळणाऱ्या सगळ्या अळ्या ब्लूच्या असतात असेही नाही. ग्रे हेअरस्ट्रीक हे फुलपाखरू काहीही खाणारे. कपाशीच्या पात्या पोखरणारी म्हणून अमेरिकेतल्या कापूसवाल्यांना त्याची अळी ठाऊक आहे. बकव्हीटची फुलेही तिला चालतात आणि तीही हिरवी ते गुलाबी कोणत्याही रंगाची असते. ॲक्मन ब्लूची अळी बहुधा हिरवट, अंगभर पांढुरकी लव आणि पाठीवर गडद पट्टा असलेली. ती फुलांबरोबर पानेही खाते आणि शेंगवर्गीय झाडांवरही वाढते. मॉर्मन मेटलमार्क हे वेगळ्याच कुळातले. त्याची अळी जांभळट, केसांचे झुबके असलेली. ती पानांवर राहते, तिच्याबाबत घोटाळा होत नाही. याखेरीज पतंगांच्या अळ्या. काही कमान करून चालतात. काही रेशमाने चार फुले एकत्र शिवून आत दडतात आणि डिवचले की वळवळत मागे पळतात. ब्लूची अळी डिवचली तरी पळत नाही, नुसती अंग आखडून चिकटून बसते.

खात्रीने वेगळे करायचे तर अंगावरच्या केसांकडे जावे लागते. केसांची लांबी, त्यांच्या बुडाचा आकार, मधग्रंथीभोवतीची त्यांची मांडणी. ग्रेगरी बॉलमर आणि गॉर्डन प्रॅट यांनी कॅलिफोर्नियातल्या लायसिनिडी कुळाच्या शेवटच्या टप्प्यातल्या अळ्यांची पाहणी १९८८ मध्ये प्रसिद्ध केली. अळ्यांच्या ओळखीसाठी आजही तिथूनच सुरुवात करावी लागते. त्यासाठी सूक्ष्मदर्शक मात्र हवा. खिशातल्या भिंगाने गट कळतो, जात क्वचितच.

फुलोरा तपासण्याची रीत

अनुभवी माणूस झुडपाकडे आधी दोन पावलांवरून पाहतो. कोणत्या गेंदावर मुंग्या ये-जा न करता रेंगाळल्या आहेत? कुठे कळ्यांना भोके आहेत? मग गेंद हातात न घेता, मागे तळवा धरून तो भिंगाने पाहतो. बरेच गेंद तपासायचे असतील तर खाली पांढरे कापड किंवा ताट धरून काडीने हलकेच आपटतात. कापडावर फुले, कचरा, कोळी, ढेकूणवर्गीय किडे असे सगळे पडते. पाच मिनिटे काही न करता बसले की त्या कचऱ्यातली एक कळी चालू लागते.

अंडी शोधणे आणखी चिकाटीचे काम. मादी ती एकेक करून कळ्यांवर चिकटवते. टाचणीच्या डोक्याहूनही लहान, चपटे, पांढरट अंडे. मोठे करून पाहिले तर वर जाळीदार नक्षी. तीन ते पाच दिवसांत त्यातून अळी निघते.

अळी चिमट्याने किंवा बोटाने उचलू नये. ती पायांनी आणि रेशमाच्या बारीक धाग्याने फुलाला घट्ट धरून असते. ओढली तर फाटते. गेंदासकट दांडी कापून घ्यावी. त्याच क्षणी चिठ्ठी लिहावी: बकव्हीटची जात, ठिकाण, तारीख, अळी कळीवर होती की फुलावर की पानावर, मुंग्या होत्या का. झाडाची जात ओळखता आली नाही तर पान, फूल आणि खोडाचा तळ यांचे फोटो काढावेत. घरी आल्यावर लिहू म्हणून राहून गेलेली चिठ्ठी नंतर कधीच भरून निघत नाही. तीन झुडपांवरच्या अळ्या एका डबीत आल्या की त्या संग्रहाची किंमत संपते.

एक डबी, एक अळी

संगोपनाचा पहिला नियम क्रूर वाटतो, पण अनुभवातून आलेला आहे: एका डबीत एकच अळी. लायसिनिडी कुळातल्या अळ्या एकमेकींना खातात. खायला भरपूर असतानाही मोठी अळी धाकटीला, विशेषतः कात टाकण्यासाठी निश्चल बसलेलीला, खाऊन टाकते. सकाळी चार होत्या, संध्याकाळी तीन आणि त्यातली एक जरा जास्तच गुबगुबीत, असे झाले तर शोधाशोध करण्यात अर्थ नाही.

डबी लहान आणि पारदर्शक असावी, झाकणाला बारीक जाळी असावी आणि तळाशी टिपकागद. कापलेल्या दांडीचे टोक पाण्याच्या लहान नळीत ठेवतात आणि नळीचे तोंड कापसाने गच्च बंद करतात. हा कापूस महत्त्वाचा. अळी दांडीवरून खाली उतरते, उघडे पाणी दिसले तरी थांबत नाही आणि बुडते. डबीच्या भिंतींवर बाष्प धरू लागले तर बुरशी जवळ आली असे समजावे. घरात अळ्या मरतात त्या उपासमारीने कमी आणि ओलीने जास्त. ऊन थेट डबीवर पडता कामा नये. बंद प्लॅस्टिकमध्ये काही मिनिटांत भट्टी होते.

फुले दर दोन दिवसांनी बदलायची. तेव्हाही अळीला हात लावायचा नाही. ती ज्या जुन्या फुलावर आहे तेवढा तुकडा कापून नव्या गेंदाला टेकवून ठेवायचा. ती आपणहून पलीकडे जाते. कात टाकण्याआधी ती दिवसभर खाणे सोडून एका जागी बसते. नवख्याला ती मेल्यासारखी वाटते, तो तिला कुंचल्याने हलवून पाहतो आणि कात अर्धवट अडकून ती खरोखरच मरते. लहान अळी हलवायचीच असेल तर मऊ ओला कुंचला वापरावा, पण चालत असलेल्या अळीसाठी. बसलेल्या अळीसाठी नव्हे.

फुलांचा पुरवठा रानातून होत नसेल तर रोपवाटिकेचा मोह होतो. तिथे धोका असतो. रोपाला मुळांतून कीटकनाशक दिलेले असेल तर ते फुलांपर्यंत पोहोचलेले असते. वरून धुऊन जात नाही. अळी दोन घास खाते आणि लोळते. औषध न मारलेल्या रोपाची खात्री नसेल तर अळी घरी आणूच नये.

खाणे नीट मिळाले तर एल सेगुंडो ब्लूच्या जातभाईंची अळीअवस्था साधारण १८ ते २५ दिवसांत संपते. मुंग्यांवाचूनही अळी वाढते. डबीत राखणदाराची गरज नसते. मात्र रानात मोठी झालेली अळी आणली असेल तर तिच्या पोटात आधीच पाहुणा असण्याची शक्यता मोठी. अळी अचानक फिकी पडते, खाणे थांबवते आणि एका सकाळी तिच्या शेजारी पांढऱ्या सुताचा कोश दिसतो. त्यातून फुलपाखरू नव्हे, गांधीलमाशी निघते. हौशी माणूस हिरमुसतो आणि ती डबी फेकतो. ती फेकू नये. कोणत्या अळीतून कोणती गांधीलमाशी निघते याची माहिती फुलपाखराच्या माहितीहून विरळ आहे.

या तीन आठवड्यांत ओळखीचा एक धागा आपोआप हाती येतो. डबीत फुलांबरोबर कोवळे पानही असू द्यावे. पानाला तोंड लावणारी अळी युफिलोटिसची नसण्याचीच शक्यता जास्त. ती ॲक्मन ब्लूकडे बोट दाखवते. पान तसेच ठेवून केवळ कळ्या पोखरणारी अळी युफिलोटिस किंवा हेअरस्ट्रीक असू शकते. निर्णय लागत नाही, पण यादी आखूड होते.

दहा महिन्यांची झोप

पूर्ण वाढलेली अळी खाणे सोडते, तिचा रंग मळकट होतो आणि ती खाली उतरू लागते. रानात ती झुडपाच्या बुडाशी पाचोळ्यात किंवा वाळूत शिरते. डबीत तिच्यासाठी कोरडी वाळू किंवा चुरगाळलेला टिपकागद ठेवावा. एक-दोन दिवसांत त्याच्या घडीत तपकिरी, गुळगुळीत, लहानसा कोष दिसतो. या कुळातल्या अनेक कोषांना आवाज असतो. कोषाच्या वळ्या एकमेकींवर घासून ते इतका बारीक आवाज काढतात की तो ऐकायला डबी कानाशी न्यावी लागते.

ओळखीचा सर्वांत भरवशाचा पुरावा इथे मिळतो आणि त्यासाठी फक्त कॅलेंडर लागते. ॲक्मन ब्लूच्या वर्षाला अनेक पिढ्या होतात. उन्हाळ्यातल्या कोषातून दोन-तीन आठवड्यांत फुलपाखरू बाहेर येते. ग्रे हेअरस्ट्रीकचेही तसेच. युफिलोटिसची पिढी वर्षाला एकच. ऑगस्टात झालेला कोष हिवाळाभर पडून राहतो आणि पुढच्या वर्षी त्याच बकव्हीटच्या फुलोऱ्याच्या वेळी उघडतो. दोन आठवड्यांत रिकामी झालेली डबी आणि जूनपर्यंत गप्प राहिलेली डबी यांतले अंतर कोणत्याही भिंगातून दिसणाऱ्या फरकाहून मोठे आहे.

प्रॅट आणि बॉलमर यांनी या सुप्तावस्थेचाही अभ्यास केला. कोष किती गाढ झोपतो याचा संबंध त्याच्या खाद्यवनस्पतीच्या फुलण्याच्या काळाशी आणि ठिकाणाच्या उंचीशी आहे, असे त्यांना आढळले. उशिरा फुलणाऱ्या बकव्हीटवरचा कोष उबेने लवकर जागा होत नाही. झाड आणि फुलपाखरू यांचे घड्याळ असे कोषातच जुळवलेले असते.

कोष सांभाळणे म्हणजे दहा महिने काही न करणे, आणि ते अनेकांना जमत नाही. उबदार खोलीत ठेवलेले कोष वाळून खडखडीत होतात किंवा हिवाळ्यातच उघडतात, तेव्हा बाहेर एकही फूल नसते. गार, सावलीच्या जागी किंवा हिवाळ्यापुरते फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ते ठेवतात. डबीत थोडी दमट हवा हवी, पण पाणी नको. दुष्काळी वर्षी काही कोष उघडतच नाहीत. दुसऱ्या वर्षी, क्वचित त्याहून उशिरा उघडतात. म्हणून जुलै सरला तरी न उघडलेली डबी केराच्या टोपलीत टाकण्याची घाई करू नये. वजनदार, घट्ट कोष बहुधा जिवंत असतो. पोकळ आणि हलका मेलेला.

पंख वाळल्यावर

बाहेर आलेले फुलपाखरू अंगठ्याच्या नखाएवढे. त्याला चढून पंख लोंबते सोडण्यासाठी खडबडीत काडी लागते. गुळगुळीत डबीत ते घसरते आणि पंख चुरगळलेलेच वाळतात. नर वरून निळा, मादी तपकिरी आणि तिच्या मागच्या पंखांच्या कडेला नारिंगी पट्टा. खरी लिपी मात्र पंखांच्या खालच्या बाजूला आहे. राखाडी-पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळे ठिपके, मागच्या पंखाला नारिंगी पट्टा. त्या पट्ट्यालगतच्या काळ्या ठिपक्यांत धातूसारखे निळे-हिरवे चकाकते खवले दिसले तर ते ॲक्मन किंवा ल्युपिन ब्लू. चकाकी नसेल आणि पंखांच्या झालरीत काळ्या-पांढऱ्या चौकडी असतील तर युफिलोटिस. ठिपके चौकोनी आणि ठसठशीत असतील तर युफिलोटिसमधल्या स्क्वेअर-स्पॉटेड गटाकडे मत झुकते, लहान आणि गोल असतील तर डॉटेड गटाकडे. हे फरक झिजलेल्या पंखांवर मिटतात. नरांची जननेंद्रिये सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्याशिवाय या गटांची खात्री होत नाही, आणि अलीकडेच एकमेकांपासून वेगळ्या झालेल्या अशा वाणांत डीएनएची चाचणीही दर वेळी निकाल देत नाही.

मग शेवटचा आधार पुन्हा चिठ्ठीचा. अमुक झाड, अमुक ठिकाण, अमुक तारीख. या तीन गोष्टी असतील तर नाव दहा वर्षांनीही ठरवता येते. फुलपाखरू सोडायचे ते ज्या झुडपावरून अळी आणली त्याच झुडपावर. दुसऱ्या टेकडीवर नव्हे.

धावपट्टीपलीकडची वाळू

काही अळ्या मात्र घरी आणायच्याच नाहीत. १ जून १९७६ रोजी अमेरिकेने कॅलिफोर्नियातली सहा फुलपाखरे संकटग्रस्त जातींच्या कायद्याखाली घेतली. त्यांतली तीन बकव्हीटवर वाढणारी आहेत: एल सेगुंडो ब्लू, मोंटेरे भागातले स्मिथ्स ब्लू आणि अँटिऑकच्या वाळूतले लँग्ज मेटलमार्क. या जातींची अळी परवान्याशिवाय गोळा करणे गुन्हा आहे आणि ‘फक्त ओळखण्यासाठी नेली’ हा बचाव चालत नाही. किनाऱ्यावरच्या सीक्लिफ बकव्हीटवर अळी दिसली तर फोटो काढावा आणि दांडी सोडून द्यावी. संगोपनाचे सगळे कौशल्य इथे थांबते, आणि थांबावे हेच बरे.

एल सेगुंडो हे नावच तेलाचे आहे. १९११ मध्ये स्टँडर्ड ऑइलचा कॅलिफोर्नियातला दुसरा शुद्धीकरण कारखाना इथे उभा राहिला. स्पॅनिशमध्ये ‘दुसरा’ म्हणून गाव एल सेगुंडो. शेजारी लॉस एंजेलिसचा विमानतळ. विमाने बहुधा पश्चिमेला समुद्राकडे उडतात आणि चाके पोटात घेता घेता ज्या उजाड पट्ट्यावरून जातात तो या फुलपाखराचा सर्वांत मोठा उरलेला अधिवास आहे. मुलाबाळांना भेटून परतणारे कितीतरी मराठी आईवडील त्याच्यावरून गेले असतील. खिडकीतून रस्ते दिसतात, घरे दिसत नाहीत. ही सर्फरिज नावाची समुद्राकाठची वसाहत होती. जेट विमाने आली, आवाज असह्य झाला, आणि विमानतळाने १९६० आणि १९७० च्या दशकांत सुमारे ८०० घरे घेऊन पाडली. जवळपास ३०० एकर वाळू मोकळी झाली, त्यातली सुमारे २०० एकर पुढे फुलपाखरासाठी राखली गेली. माणसांना हुसकावणाऱ्या आवाजाने अळीचे काही बिघडले नाही.

तिचे बिघडले ते एका चांगल्या हेतूने. १९७० च्या दशकात वाळू धरून ठेवण्यासाठी इथे बिया पेरल्या गेल्या. त्यांत बकव्हीटही होते, पण कॅलिफोर्निया बकव्हीट. ते लवकर फुलते. त्याच्या फुलांवर आधीच वाढलेल्या इतर अळ्या आणि परजीवी पुढे सीक्लिफ बकव्हीट फुलले की त्यावर उतरतात, आणि एल सेगुंडो ब्लूच्या अळीला ताटही अपुरे पडते आणि शत्रूही वाढतात. वरवर दोन्ही झाडे बकव्हीटच. अळीच्या लेखी एक घर, दुसरे नाही. पुढे कीटकशास्त्रज्ञ रूडी मॅटोनी आणि इतरांच्या कामातून ही चूक निस्तरली जाऊ लागली. पेरलेले बकव्हीट उपटायचे, परदेशी आइस प्लँट काढायचे, सीक्लिफ बकव्हीट लावायचे, हे काम स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षे केले.

विमानतळाच्या दक्षिणेला रेडोंडो बीच आणि टॉरन्स इथल्या समुद्रकड्यांवरही २००० नंतरच्या वर्षांत आइस प्लँट काढून त्याच्या जागी सीक्लिफ बकव्हीट लावण्यात आले. २००७ च्या उन्हाळ्यात त्या नव्या झुडपांवर एल सेगुंडो ब्लू दिसले. तिथे कोणीही एकही अळी आणून सोडलेली नव्हती.